‘मला सगळं व्यवस्थित होतं, मग तपासणी माझी कशाला?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ३२, लग्नाला साडेतीन वर्षं झाली. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, काम टॉवेलच्या कारखान्यात, डाइंगला (रंगाई खात्यात). मूल नाही. बायकोच्या (वय २८) रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल आलं. ‘आता मिस्टरांचा रिपोर्ट आणा’ म्हणून डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी आठ महिने पाकिटात पडून आहे. घरात आई सुनेलाच बोलते. पत्रात लिहिलंय, “ताई, संबंध व्यवस्थित होतात, वीर्यही भरपूर येतं, मग दोष माझ्यात असेल कसा? पण आतून भीती वाटते. पंधरा-सोळाव्या वर्षापासून हाताची सवय होती, त्यानं सगळं संपलं असेल का? डावी गोटी उजवीपेक्षा खाली लोंबते, ड्युटी सुटेपर्यंत तिथं जड वाटायला लागतं. एका तंबूवाल्या वैद्याकडून पाच हजारांच्या पुड्या घेऊन खाल्ल्या, फरक नाही. लॅबमधला पोरगा आमच्याच गल्लीतला. रिपोर्टमध्ये ‘निल’ (एकही शुक्राणू नाही) आलं तर तोंड कसं दाखवू? तपासणी न करता एखादं औषध चालू करता येईल का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तपासणीशिवाय काहीही सुरू करू नका, आणि ज्या पुड्या उरल्या असतील त्या आजच बंद करा. का, ते पुढे सांगते. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी थोडं भांडायचं आहे.

“संबंध व्यवस्थित होतात, वीर्यही भरपूर येतं, मग दोष माझ्यात कसा?” हे वाक्य मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकत नाही. शिकलेले, इंजिनिअर झालेले पुरुषही हेच म्हणतात. यात गृहीत असं धरलंय की ताठरपणा, वीर्य आणि मूल होण्याची ताकद हे सगळं एकच. शरीरात मात्र ही तीन कामं तीन ठिकाणी चालतात. ताठरपणा येतो तो लिंगात रक्त भरल्यामुळे. तिथं काम रक्तवाहिन्यांचं आणि नसांचं. वीर्य म्हणून जे बाहेर पडतं, त्यातला साधारण दोन तृतीयांश द्रव मूत्राशयाच्या मागच्या शुक्राशय नावाच्या दोन पिशव्यांमधून येतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेट ग्रंथीतून. वृषणांतून, म्हणजे तुम्ही ज्याला गोट्या म्हणता तिथून, आलेल्या शुक्राणूंचा वाटा भरतो अवघा दोन ते पाच टक्के. म्हणून तर नसबंदी झालेल्या पुरुषाला वीर्य पूर्वीसारखंच येतं. त्यात एकही शुक्राणू नसतो आणि डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही.

सोलापूरकराला हे समजावायला फार लांब जायला नको. चार-पाच दिवसांनी नळ आला आणि जोरात आला, तरी त्या पाण्यात काय आहे ते धारेकडे बघून कळत नाही. नमुना तपासायलाच पाठवावा लागतो. वीर्याचंही तेच. घट्ट-पातळ, पांढरं-पिवळसर, कमी-जास्त, यावरून घरबसल्या काढलेला कुठलाच निष्कर्ष खरा धरता येत नाही.

आता हेच उलट्या बाजूनं पाहा. ज्याला ताठरपणाची अडचण आहे त्याच्या वीर्यात कोट्यवधी धडधाकट शुक्राणू असू शकतात. म्हणजे उद्या तुमचा रिपोर्ट कसाही आला, तरी तुम्ही नवरा म्हणून, पुरुष म्हणून कसे आहात यावर त्यात एक अक्षरही नसेल. तुम्ही आठ महिने जी चिठ्ठी उघडत नाही, ती माझ्या मते याच भीतीनं. रिपोर्ट मर्दपणाचा निकाल देईल असं तुम्ही धरून चाललाय. तो फक्त मोजणी करतो.

तुम्ही डाइंगला काम करता म्हणून वृषणांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या बाबतीत ते कामाचं आहे. पोटातले बाकी महत्त्वाचे अवयव आत सुरक्षित ठेवून हे दोनच बाहेर लोंबते का ठेवलेत? कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागतं. थंडी पडली की कातडी आक्रसून पिशवी वर ओढली जाते, उकाड्यात सैल होऊन खाली येते, हे प्रत्येक पुरुषानं पाहिलेलं असतं. ते तापमान राखण्याचंच काम असतं. प्रत्येक वृषणात केसासारख्या बारीक नलिकांची गुंडाळी असते, सगळी उलगडली तर शेकडो मीटर भरेल. दोन्ही वृषणांत मिळून दर सेकंदाला हजाराहून जास्त शुक्राणू तयार होतात. पण एक शुक्राणू पूर्ण घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. नंतर तो वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या अधिवृषणात जातो. ही एकच नळी, वेटोळं सोडवलं तर सहा मीटर लांब. तिच्यातून जाताना त्याला पोहण्याची ताकद येते. यात आणखी दहा-बारा दिवस जातात. मग शुक्रवाहिनी, मग बाकीचे द्रव, मग बाहेर.

म्हणजे आज तपासलेल्या वीर्यात तुमचे जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीचे दिवस असतात. मधल्या काळात डेंग्यू झाला असेल, चार दिवस मोठा ताप असेल, तर संख्या काही आठवडे खाली जाऊ शकते. लॅबला आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आणि आज मावा सोडला तर त्याचा परिणाम पाहायला पुढच्या आठवड्यात रिपोर्ट काढून उपयोग नाही, तीन महिने थांबावं लागतं. (मावा तुम्ही खाता की नाही हे पत्रात नाही. खात असाल तर सोडा. तंबाखू, मावा, सिगारेट, जास्तीची दारू, हे सगळं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्हींना मारक ठरतं.)

सोलापूरच्या उन्हाचं विचाराल, तर एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो म्हणून इथं पाळणे हलायचे थांबलेले नाहीत. घाम, सैल कातडी आणि रक्ताची उष्णता कमी करणारं शिरांचं जाळं मिळून शरीर बाहेरचा उन्हाळा बराचसा निभावून नेतं. पण वाफेच्या शेजारी, बॉयलरजवळ, गरम टाकीपाशी रोजचे आठ-दहा तास उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे. अशा कामाचा शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. बेकरीतल्या भट्टीवर, वेल्डिंगवर, तासन् तास ड्रायव्हिंग सीटवर असणाऱ्यांनाही हे लागू. नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. पण मुकादमाशी बोलून काही महिने फोल्डिंगला किंवा पॅकिंगला जागा मिळत असेल तर मागा. नाहीच मिळाली तर घट्ट नायलॉनची अंडरवेअर सोडून सैल सुती घाला, दर तासा-दीड तासानं पाच मिनिटं बाहेर वाऱ्यावर या. डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ विचारलं तर ‘कारखान्यात’ एवढंच सांगून गप्प बसू नका. ‘डाइंगला, वाफेत’ असं सांगा.

हाताच्या सवयीबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय. माझं उत्तर मात्र छोटं आहे. त्यानं काही संपत नाही, काही वाकडं होत नाही, पुढं मूल व्हायला आडही येत नाही. पंधराव्या वर्षी जे बाहेर गेलं ते त्यानंतर शेकडो वेळा नव्यानं तयार होऊन गेलं. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य बनतो, ही समजूत आपल्याकडे आजोबांपासून नातवापर्यंत पोचते. शरीरशास्त्रात तिला जागा नाही. वीर्य गेल्यानं अशक्तपणा येतो या धास्तीनं खरोखर आजारी पडणारे तरुण भारतात इतके आढळले की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. तिथं आजारी पाडते ती भीती. तंबूवाल्याचं दुकान चालतं तेही त्याच भीतीवर.

आणि आता त्या पुड्या. आत काय होतं हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही, बहुधा विकणाऱ्यालाही नाही. अशा पुड्यांत कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं, काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं शुक्राणूंना बाधक आहे. जिममधल्या पोरांसाठीही इथंच सांगून ठेवते : ‘ताकदीचं’ म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की मेंदूला वाटतं, बाहेरून मिळतंय तर वृषणांना काम सांगायला नको. तो संदेश बंद झाला की शुक्राणू बनणंही बंद होत जातं, काहींचे तर शून्यावर येतात. दंड फुगतात आणि बाप होणं लांबतं. एखादी पुडी किंवा तिचं वेष्टन उरलं असेल तर फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

डावी गोटी खाली असणं हे बहुतेक पुरुषांत असतंच. दोन्ही एका पातळीत असणारेच कमी. पण ड्युटी सुटेपर्यंत जड वाटतं, हे तुम्ही बरं झालं लिहिलंत. डाव्या वृषणाची शीर वर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, उजवीचा रस्ता वेगळा आहे. त्यामुळे डावीकडच्या शिरांत रक्त साचून त्या फुगण्याचा प्रकार जास्त आढळतो. उभं राहून हात लावला तर पिशवीत गांडुळांची गुंतवळ असल्यासारखं लागतं, आडवं झालं की कमी होतं. याला व्हेरिकोसील म्हणतात. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना ते असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलंही होतात. मूल न होणाऱ्या पुरुषांत मात्र ते शंभरात पस्तीस-चाळीस जणांना सापडतं. शिरा हाताला लागत असतील आणि वीर्याचा रिपोर्टही कमी असेल, तर छोट्या ऑपरेशननं फायदा होण्याची शक्यता असते. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीकशा व्हेरिकोसीलसाठी टेबलावर झोपायची घाई करू नका. तुम्हाला ते आहे की नाही हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. युरोलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ) दोन मिनिटांत हातानं तपासून सांगेल.

याच ओघात घरात वयात आलेला मुलगा असलेल्या वाचकांनाही दोन गोष्टी सांगते. वृषणात एकाएकी भयंकर कळ आली, सोबत उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, आणि सहाएक तासांत तो सोडवला नाही तर ते वृषण गमवावं लागू शकतं. आणि न दुखणारी टणक गाठ हाताला लागली, तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. तिथला कॅन्सर तरुण वयातच जास्त होतो आणि वेळेत सापडला तर बरा होतो. पोरं हे आईला सांगत नाहीत. बापानं एकदा आपणहून विषय काढावा.

आता तपासणीविषयी. बायकोला नळ्यांच्या एक्स-रेसाठी आत नेलं तेव्हा बाहेर बसून तुम्ही दोन चहा घेतले, असं तुम्हीच लिहिलंय. आत काय होतं ते सांगू? गर्भाशयाच्या तोंडातून नळी घालून औषध आत सोडतात आणि पोटात पिळवटून कळ येते. कित्येक जणी त्या टेबलावर रडतात. तुमच्या तपासणीत सुईसुद्धा नाही. खरं तर दोघांच्या तपासण्या बरोबरच सुरू व्हायला हव्यात, आणि सगळ्यात सोपी आणि स्वस्त म्हणून वीर्याची तर पहिलीच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीनं.

गल्लीतला पोरगा आड येत असेल तर गल्लीतली लॅब सोडा. शहराच्या दुसऱ्या टोकाला जा, किंवा वंध्यत्वाच्या दवाखान्यातल्याच लॅबमध्ये. तिथं दिवसभर हेच काम चालतं, तुमच्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलच्या ओपीडीत आधी चौकशी करा. नमुना लॅबच्या खोलीत देणं उत्तम. तिथं जमणारच नसेल तर घरून नेता येतो, पण डबी लॅबनं दिलेलीच हवी, शर्टाच्या आत अंगाशी धरून न्यावी आणि अर्ध्या-पाऊण तासात पोचवावी, तासाच्या वर जाऊ देऊ नये. तेल, साबण, थुंकी काही लावायचं नाही. साधा कंडोम वापरायचा नाही, त्यानं शुक्राणू मरतात. आणि पहिला भाग डबीबाहेर सांडला तर तसं लाज न बाळगता सांगा. सर्वांत जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात, रिपोर्ट उगाच कमी येईल.

रिपोर्ट हातात आला की गूगल उघडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे खालची मर्यादा अशी आहे : वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. या शेवटच्या आकड्यानं घरंच्या घरं हादरतात. ‘पाच टक्केच नॉर्मल’ वाचून रात्रभर रडलेलं जोडपं मला माहीत आहे, आणि पाच टक्के हा चांगला रिपोर्ट होता! या मर्यादा ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांवरून काढल्यात. त्यातले पाच टक्के पुरुष या आकड्यांच्या खाली असूनही बाप झाले. तेव्हा आकडा खाली आला म्हणजे दार बंद झालं असं धरायचं नाही, आणि एका रिपोर्टवर तर काहीच ठरवायचं नाही. कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायचा.

आणि ‘निल’ आलं तर? येऊ शकतं, खोटा धीर देत नाही. सरसकट पुरुषांत ते शंभरात एखाद्याला असतं. पण तिथंही पुढचा प्रश्न असतो : शुक्राणू बनतच नाहीत, की बनतात पण वाटेत अडतात? रक्तातली हार्मोन्स, वृषणांची तपासणी आणि लागली तर गुणसूत्रांची तपासणी यावरून ते बरंचसं कळतं. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, वयात आल्यावर गालफुगी होऊन गोटी सुजली होती का, हे आईला विचारून ठेवा. अडथळा असेल तर बऱ्याचदा थेट वृषणातून शुक्राणू काढून, एक शुक्राणू एका स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करता येतो. १९९२ पासून हे तंत्र वापरात आहे. बनतच नसतील तरीही काही जणांत शोधल्यावर सापडतात. काहींत नाही सापडत. मग दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक, आणि दोघांनाच राहायचं असेल तर तेही. उपचार करणारं केंद्र कृत्रिम गर्भधारणेच्या (एआरटी) २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेलं आहे का, एवढं मात्र आधी विचारा.

हे सगळं बायकोला न सांगता गुपचूप उरकावं, असा विचार तुमच्या पत्रात डोकावतो. करता येईल. पण मग रिपोर्ट कमी आला तर ते ओझं तुम्ही एकटे वाहणार आणि तिला वाटत राहणार की आपल्यातच काही आहे. ती काही बोलत नाही म्हणून तिला काही वाटत नाही, असं समजू नका. साडेतीन वर्षं सासूचं ऐकून घेणारी बाई गप्प बसते ती बोलून उपयोग नाही असं वाटल्यामुळे. तिला सोबत घेऊन जा. ती बाहेर बसेल, चहा घेईल. तिचा हक्क आहे.

आईला रिपोर्ट दाखवायची गरज नाही. तो तुमचा खासगी कागद आहे. पण “आई, तपासणी आमची दोघांची चालू आहे, यापुढं तिला एकटीला बोलायचं नाही” हे मात्र तुम्हीच म्हणायला हवं, तिच्या देखत. अक्कलकोटला जायचं म्हणत असतील तर आनंदानं जा, सिद्धेश्वरालाही नारळ वाहा. नवसाचं आणि लॅबचं वाकडं नाही.

एक शेवटचं, कारण पत्रात ओझरतं आलंय. ‘त्या दिवसा’साठी वीर्य साठवावं म्हणून तुम्ही दहा-बारा दिवस लांब राहता. साठवून जुने शुक्राणू तेवढे वाढतात, त्यांची हालचाल मंदावते. स्त्रीच्या शरीरात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. त्यामुळे दोन पाळ्यांच्या मधल्या आठवड्यात दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले की पुरतं, पंचांग काढून बसायला नको. तपासणीसाठी मात्र शेवटच्या संबंधानंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस मध्ये हवेत. तेवढं मोजून साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी लॅबला फोन करा आणि वीर्याचा नमुना कुठल्या वेळेत घेतात ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो सकाळीच घेतात.